सीलबंद सायकल

गेल्या वर्षीच्या ट्रायथलॉनमध्ये मापसाहेबांना त्यांच्या साडूने मागे टाकलं. एवढ्यावर भागलं असतं तर त्यांनी ते गिळलं असतं, कारण माणूस कधीतरी हरतोच. पण साडूने मागे टाकताना घंटी वाजवली. तळ्याकडेचा तो लांबलचक चढ, मापसाहेब मान खाली घालून दातओठ खात पेडल मारताहेत, आणि मागून ट्रिंग ट्रिंग. कोणी दूधवाला असेल म्हणून मापसाहेबांनी सभ्यपणे बाजू दिली. बाजूने गेला तो साडू. सायकल त्याची कॉलेजातली, मागे कॅरिअर, आणि कॅरिअरला कधी काळी बांधलेली सुतळी तशीच लोंबत होती. "या मागून सावकाश," असं म्हणून तो पुढे गेला, आणि शेवटच्या रेषेपाशी उभ्या असलेल्या सासऱ्यांनी त्याला "शाब्बास" म्हटलं.

या शब्दाचं नीट वजन करून घ्यायला हवं. सासरे आयुष्यभर शाळेत कवायतीचे मास्तर होते. पोरांच्या किती रांगा त्यांनी सरळ केल्या असतील याची गणती नाही, पण त्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला हा शब्द आला. मापसाहेबांना बढती मिळाली तेव्हा सासरे म्हणाले होते, "बरं." स्वतःचं घर घेतलं तेव्हा सगळ्या खोल्या फिरून, भिंतीला तळहात लावून म्हणाले, "बरं. ओल येत नाही ना?" नातू वर्गात पहिला आला तेव्हा शाब्बास म्हणाले, पण ते नातवाला. लग्नाला इतकी वर्षं होऊन मापसाहेबांची पाटी कोरीच होती, आणि साडूने कॅरिअरच्या सायकलवरून येऊन आपली पाटी मात्र भरून घेतली. परतताना गाडीत मापसाहेबांनी तो शब्द दोनदा स्वतःशी पुटपुटून पाहिला. "अहो, बाबा सगळ्यांनाच म्हणतात," बायको म्हणाली. हे खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं.

मापसाहेब हे त्यांचं बाजारातलं नाव. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर निघाले की स्क्रूच्या भोकातून दुपदरी तार ओवायची, तारेच्या टोकांवर शिशाची गोळी बसवायची आणि चिमट्याने दाबून तिच्यावर सरकारी ठसा उमटवायचा, असं ते काम. याला सील म्हणतात. सील शाबूत असेल तर दुकानदार सज्जन, तुटलेलं असेल तर चोर. जगाची इतकी सोपी वाटणी ज्याला रोज करायला मिळते त्याला झोप चांगली लागते. कचेरीसमोरच्या किराणा दुकानदाराला त्यांनी एकदा तुटक्या सीलबद्दल दंड केला होता. "साहेब, उंदराने कुरतडलं हो," असं तो बिचारा परोपरीने सांगत होता. मापसाहेब म्हणाले, "सील कोणी तोडलं हा प्रश्नच नाही. दोन पंचांसमक्ष तोडलं का, हा प्रश्न आहे." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे ते बिस्किटांच्या फोडलेल्या पुड्याबद्दल त्यांनी घरीही वापरलं.

असा माणूस पराभवाची कारणं शोधायला बसला तर दोष स्वतःच्या पायांत सापडणं शक्य नव्हतं. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं. पोहण्यात मापसाहेब साडूच्या पुढे होते. लहानपणी ढकलून देऊन पोहायला शिकवलेला माणूस पाण्यातून बाहेर पडायची घाई करतोच. धावण्यात दोघेही सारखेच केविलवाणे. म्हणजे घात केला तो सायकलने. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण आपलं अंगण खरोखरच वाकडं आहे याबद्दलही प्रत्येकाची खात्री असते. यंदा साडूच्या पुढे जायचं, आणि तेही सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत, असं ठरवून मापसाहेब सायकलच्या दुकानात गेले.

"वेग कुठे वाढवायचा म्हणता?" सायकलवाल्याने विचारलं. "चाकांत, हँडलमध्ये, डोक्यावर की अंगावर?"

चाकं म्हणजे खोल कडांची, कार्बनची. हँडल म्हणजे पुढे आलेली दोन शिंगं, त्यांवर कोपरं टेकून वाकून बसायचं. डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट, पुढे काळी काच. आणि अंगावर सालीसारखा चिकटणारा एक सूट, जो नुसता टांगलेला बघूनही मापसाहेबांनी पोट आत घेतलं.

"यातलं एकच घ्यायचं झालं तर?"

"एकच कशाला घेता?"

"समजा, एकच."

"मग घेऊच नका," सायकलवाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरात आजारपण लपवता येतं, कर्ज लपवता येतं, पण सायकलला काहीतरी बसवायचा विचार आहे हे सोसायटीत लपत नाही. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी जिन्यात अडवून गिअर बदला असं सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी काहीही बदला, पण सायकल लिफ्टमधून नेऊ नका असं लेखी कळवलं. आणि वरच्या मजल्यावरून विमानकाका खाली आले. काका विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे ते नक्की काय करत होते हे कोणाला माहीत नव्हतं, पण वाऱ्याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा असे.

"तुमचा शत्रू कोण?" काकांनी बसल्या बसल्या विचारलं.

मापसाहेब साडूचं नाव घेणार होते, पण थांबले. "वजन," ते म्हणाले.

"चूक. वारा."

मापसाहेबांना हे लागलं. वजनाची सेवा करण्यात ज्याचे केस पिकले त्याच्या घरात बसून वजन क्षुल्लक आहे असं म्हणायचं म्हणजे हद्द झाली. शिवाय वारा मोजायचं त्यांच्या खात्यात कोणतंही कलम नव्हतं. पण काकांनी प्रयोगाची तयारी करूनच पाय ठेवला होता. त्यांनी टेबलफॅन आणला होता. बैठकीच्या खोलीत सोफा सरकवून सायकल मधोमध उभी केली, मापसाहेबांना तिच्यावर बसवलं, त्यांच्या कपाळाला, खांद्यांना आणि पोटाला वर्तमानपत्राच्या पट्ट्या डिंकाने चिकटवल्या आणि समोरून पंखा सोडला. पट्ट्या फडफडू लागल्या. काका जमिनीवर पालथे पडून त्या न्याहाळू लागले.

नेमकी तेव्हाच बायको घरात आली. तिने पंखा पाहिला, काका पाहिले, पट्ट्यांनी फडफडणारा नवरा पाहिला.

"कुठपर्यंत पोचलात?" तिने विचारलं आणि भाजीची पिशवी घेऊन आत गेली.

"निष्कर्ष असा," काका उठत म्हणाले, "सगळ्यात जास्त वारा तुमच्या पोटाशी अडतो. पोट बदलता येत नाही, तेव्हा हँडल बदला. वाका, म्हणजे पोट लपेल."

"पोट बदलता येतं की," आतून आवाज आला. मापसाहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

हँडल आलं. वाकल्यावर पोट लपलं हे खरं, पण लपलेलं पोट दर फेरीला गुडघ्यांना भेटू लागलं. दुसरी अडचण अशी की कोपरं शिंगांवर टेकली की हात ब्रेकपासून लांब राहतात आणि डोळ्यांना फक्त पुढचं चाक दिसतं. पहिल्याच दिवशी मापसाहेब सोसायटीच्या आवारात वाऱ्याला चकवत निघाले आणि सेक्रेटरींच्या कुंड्यांमध्ये थांबले. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त आत जाऊन कागद पेन घेऊन बाहेर आले. माणूस पडल्यावर त्याच्याकडे बघत काही न बोलता कोणी लिहू लागलं की पडण्याचं दुःख बाजूला राहतं. एवढ्यात साडूचा फोन आला. "साडूभाऊ, काय काय बसवताय असं ऐकतोय. मीही तयारीला लागलो बरं का. घंटीला तेल घातलं."

त्या संध्याकाळी मापसाहेबांनी चाकंही घेतली आणि हेल्मेटही घेतलं. सूट तेवढा राहिला, कारण तो चढवून बघायला बाहेरून दोन माणसं लागली असती.

आता चाक हलकं आहे असं सायकलवाला म्हणतो, पण दुकानदाराच्या शब्दावर विसंबेल तो मापसाहेब कसला. घरचा काटा त्यांना विश्वासाचा वाटत नव्हता. खरा काटा कचेरीत, काचेच्या पेटीत. इतर सगळे काटे बरोबर आहेत की नाहीत हे ज्याच्यावर ठरतं तो. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तशी मापसाहेबांनी चादरीत गुंडाळून आणलेलं मागचं चाक काट्यावर ठेवलं आणि श्वास रोखून वाकले. मागे कोणी तरी खाकरलं. मोठे साहेब होते.

"हे काय आहे?"

खरं सांगून टाकलं असतं तर फार तर बोलणी बसली असती. पण सरकारी काट्यावर खासगी चाक, असं वाक्य मापसाहेबांच्या तोंडून फुटेना. "जप्तीचा माल, सर," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"बेवारस, सर. रस्त्यात सापडला."

"नोंद केली?"

"तेच करतोय."

"करा," मोठे साहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मापसाहेबांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या चाकाची जप्ती नोंदवली, चिठ्ठी बांधली, तार ओवली, शिशाची गोळी दाबली, आणि शिपायाने चाक उचलून जप्तीच्या खोलीत नेलं. तिथे पोकळ वजनं आणि बुडाला दुहेरी तळ ठोकलेली मापं यांच्यात ते एका खिळ्याला टांगलं गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे तर हात दाखवून वर त्याची पावतीही फाडली होती.

जप्त केलेला माल सुटतो कसा हे मापसाहेबांइतकं कोणाला माहीत असणार. मालकाने हजर व्हायचं, माल आपला आहे हे पटवायचं, आणि दोन पंचांसमक्ष सील तोडायचं. आता जप्त करणारा आणि मालक हे एकच कसे असतील? स्पर्धा जवळ येत चालली आणि चाक खिळ्यावरच. शेवटी मापसाहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, साडी बदलली आणि कचेरीत आली.

"हे चाक तुमचं आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हो."

"तुमचंच कशावरून?"

"साहेब, गेले तीन महिने घरात माझ्याकडे कोणी बघत नाही, सगळं बघणं त्या सायकलकडे. स्वतःच्या सवतीला ओळखणार नाही का मी?"

मोठे साहेब हसले नाहीत, पण पुढे काही विचारलंही नाही. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि किराणा दुकानदार यांना बोलावलं होतं. पंचनामा झाल्यावर शिपायाने पकडीने तार कापली. किराणा दुकानदार चाक खालीवर बघत होता. "साहेब, त्या खोलीत उंदीर केवढाले आहेत," तो म्हणाला. "पण तुमच्या सीलला कोणी तोंड लावलं नाही. आमचाच तराजू दुर्दैवी." मापसाहेबांनी हे कौतुक म्हणून घेतलं. वर त्यांना त्यातून एक बोधही झाला: इतके दिवस चाक उघडंच टांगलेलं होतं, आणि कोणी बोटही लावलं नाही. सीलची ताकदच तशी.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर घरचा काटा मांडला. कचेरीतला आता नको होता. सायकलवर असलेली आणि सायकलबरोबर जाणारी प्रत्येक वस्तू त्यांनी तोलली. घंटी बसवून घ्या असं सायकलवाल्याने सुचवलं होतं, तिला काट्यावरही चढवली नाही. बाटलीतलं पाणी निम्मं केलं. बुटांच्या नाड्यांची लोंबती टोकं कापली. सीटखालच्या अवजारांच्या पिशवीतून पकड बाहेर काढली. लोखंडाची, भरीव, जुन्या जमान्यातली. काट्यावर ठेवली तशी काट्याने मानच टाकली. पंक्चर काढायला पकड कशाला लागते, असा विचार करून मापसाहेबांनी ती फळांच्या टोपलीत ठेवून दिली. एवढी वजनं उतरवल्यावर त्यांना स्वतःलाही हलकं वाटू लागलं, आणि त्या भरात रात्री त्यांनी भात दोनदा घेतला.

पहाटे निघताना जिन्यात विमानकाका भेटले. "चाकं सांभाळा," ते म्हणाले. "तुम्ही पोहत असता तेव्हा सायकलींकडे बघायला असतं कोण? सगळ्या सायकली सारख्या. कोणाचं चाक कोण काढून नेईल, पत्ता लागायचा नाही." असं सांगून काका पुन्हा झोपायला वर गेले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं हे सुख असतं, शेळ्या कुठे गेल्या ते त्याला बघावं लागत नाही.

तळ्याकाठी दोरी बांधून सायकलींचा तळ केला होता. आत लोखंडी आडव्या दांड्या, त्यांना सायकली ओळीने टांगलेल्या. मापसाहेबांनी पाहिलं तर खरंच, काळी चाकं, शिंगांची हँडलं, एकीसारखी दुसरी.  पोहायला जायची वेळ झाली होती. गाडीत कचेरीची बॅग होती, बॅगेत तार, गोळ्या, चिमटा. त्यांनी मागच्या चाकाच्या आऱ्यांतून, सायकलच्या सांगाड्यातून आणि लोखंडी दांडीवरून तार घेतली, सवयीने दुपदरी केली, गोळी बसवली आणि दाबली. बॅग बायकोकडे दिली. बायको बहिणीबरोबर शेवटच्या रेषेपाशी जागा धरायला निघून गेली. सासरे मात्र तळाच्या दोरीपाशीच थांबले होते. पहिला कोण येतो ते त्यांना बघायचं होतं.

तळावर बंदोबस्ताला स्वयंसेवक होता, गळ्यात शिट्टी, दंडाला पट्टी. किराणा दुकानदार. त्याने वाकून सील पाहिलं, गोळीवरचा ठसा अंगठ्याने चाचपला.

"साहेब, सरकारी?"

"सील म्हणजे सील," मापसाहेब म्हणाले आणि पाण्याकडे गेले.

पोहणं अगदी मनासारखं झालं. पाण्यातून बाहेर पडताना मापसाहेबांनी मागे वळून पाहिलं, साडू दूर तळ्यात अजून हात मारत होता. दोरीपलीकडे सासरे ताठ उभे होते. त्यांनी जावयाला पाहिलं, आणि त्यांच्या मिशा हलल्या. शब्द येतो आहे असं मापसाहेबांना दिसलं. आता फक्त सायकल काढायची आणि निघायचं. त्यांनी काळ्या काचेचं हेल्मेट चढवलं, बूट घातले, सायकल ओढली. सायकलबरोबर दांडीही ओढली गेली आणि ओळीतल्या सगळ्या सायकली एकदम खुळखुळल्या.

सील. मापसाहेबांनी तार हाताने ओढली, बोट कापलं. अवजारांची पिशवी उघडली. पिशवीत पकड नव्हती. पकड कुठे आहे हे त्यांना टोपलीतल्या केळ्यांसकट डोळ्यांपुढे दिसलं. मग स्वयंसेवकाच्या टेबलाकडे नजर गेली. तिथे खेळाडूंसाठी अवजारांची पेटी होती, आणि तिच्यात सगळ्यांत वर नवीकोरी पकड.

"पकड द्या," मापसाहेब म्हणाले.

"देतो की," किराणा दुकानदार म्हणाला आणि पेटीवर हात ठेवला. "पण साहेब, एक विचारू? हे सील तुमचं का सरकारचं?"

"माझं. द्या लवकर."

"म्हणजे सरकारी ठसा घरच्या सायकलवर मारला. हे मी ऐकलं नाही असं धरून चालतो."

मापसाहेबांच्या अंगावरचं पाणी थंड पडलं. "सरकारचं," ते म्हणाले.

"मग पंच लागतील. दोन."

"अहो, स्पर्धा चालू आहे."

"माझंही दुकान चालूच होतं, साहेब. सील कोणी तोडलं हा प्रश्नच नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. माणसाने शिकावं साहेबांकडून."

"तुम्ही व्हा एक पंच."

"मी कसा होणार? मी बंदोबस्ताला आहे. शिवाय मला दंड झालेला, माझा शब्द कोण धरतो?"

इकडे आड तिकडे विहीर, आणि वर पायात सायकलचे बूट. पाण्यातून एकामागून एक माणसं येत होती, आपापल्या सायकली काढून निघून जात होती. "काय भानगड आहे?" दोरीपलीकडून सासऱ्यांनी विचारलं. किराणा दुकानदाराने त्यांना अदबीने सगळं समजावलं. जावयाची इतकी स्पष्ट बाजू त्यांच्यापुढे आजवर कोणी मांडली नव्हती.

"नियम आहे का तसा?" सासरे म्हणाले.

"साहेबांचाच आहे."

"मग पाळा. नियम करायचा आणि स्वतःच मोडायचा, हे आमच्या वेळी नव्हतं." आणि ते दोरीखालून वाकून आत आले, पाठ सरळ केली आणि सीलपाशी उभे राहिले. पंच म्हणून काय काय बघायचं असतं तेही त्यांनी नीट विचारून घेतलं. तार बोटाने ओढून पाहिली, गोळी फिरवून पाहिली. दुसरा पंच मिळेना. मापसाहेब येणाऱ्या प्रत्येकाला हात करत होते, पण ओला माणूस कोणासाठी थांबत नाही.

थांबला तो साडू. धापा टाकत, केस कपाळावर चिकटलेले. "साडूभाऊ, अजून इथेच?"

"एक सही हवी होती," किराणा दुकानदाराने पॅड पुढे केलं. साडूने सही केली. त्याच्या कोपरावरून पाणी कागदावर टपकलं. मग त्याने कॅरिअरची सायकल दांडीवरून उतरवली. "कशाबद्दल होती हो सही?" असं विचारून उत्तराची वाट न बघता तो बसला आणि निघाला. वळणावरून ट्रिंग ट्रिंग ऐकू आलं. "या मागून सावकाश."

किराणा दुकानदाराने तार कापली, गोळी कागदात बांधून खिशात ठेवली. "मुद्देमाल," तो म्हणाला.

मापसाहेबांचं नशीब असं की यानंतर सगळं सामान बरोबर चाललं. चाकं पळाली, शिंगं वाऱ्यात घुसली, पोट गुडघ्यांना भेटत राहिलं, तरी चढावर त्यांना पुढे लोंबती सुतळी दिसली. विमानकाका खरे ठरले होते. सायकलवालाही खरा ठरला होता. पण चढावर रस्ता दोऱ्या लावून अरुंद केला होता आणि साडू मधोमध, रमतगमत, स्वतःशी गुणगुणत चालला होता. बाजूला हो म्हणावं तर मापसाहेबांच्या छातीत तेवढी हवा नव्हती. घंटी वाजवावी तर घंटी नव्हती. संपूर्ण चढभर ते त्या सुतळीच्या मागे मागे गेले. पुढे धावण्यात दोघेही केविलवाणे, पण साडूचं केविलवाणेपण दोन पावलं पुढे होतं. मापसाहेब डोक्यावरचं हेल्मेट काढायला विसरले होते, आणि सगळी धाव त्यांनी काळी काच आणि मागे शेपूट अशा थाटात पुरी केली. पोरं टाळ्या वाजवत होती.

शेवटच्या रेषेपाशी बायको, मेव्हणी आणि सासरे उभे होते. किराणा दुकानदारही शिट्टी गळ्यात घालून तिथवर आला होता. साडू आधी पोचला. सासऱ्यांनी त्याला वरून खाली पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "गुणगुणत सायकल चालवू नये. दम जातो."

मागोमाग मापसाहेब. ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. काय ऐकायला मिळणार याची त्यांना कल्पना होती, आणि रागावायचं असं त्यांनी शेवटच्या वळणावर ठरवूनही टाकलं होतं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "ती तार मी ओढून पाहिली. चांगली जोर लावून. दोन्ही हातांनी. तसूभर हलली नाही." त्यांनी पाठ सरळ केली. "काम असं पाहिजे. शाब्बास."

साडू बघत राहिला. किराणा दुकानदाराने मान हलवून दुजोरा दिला. आता तोही पंच झाला होता. बायकोने पदर तोंडाला लावला, पण तिचे डोळे नवऱ्यावर होते आणि ते हसत नव्हते. खरं तर मापसाहेबांनी चिडायला हवं होतं. इतक्या वर्षांनी मिळालेला शब्द, आणि तो ज्या गोष्टीने त्यांचं वाटोळं केलं तिच्यासाठी. पण शेवटच्या वळणावर ठरवलेला राग त्यांना आता सापडेना.

"अहो, डोक्यावरचं काढा की आता," बायको हळूच म्हणाली.

"असू दे थोडा वेळ," मापसाहेब म्हणाले आणि काळी काच आणखी खाली ओढून घेतली.